डाउन पेमेंट आणि बिचारा चहा

घरासाठी पैसे जमवायचे म्हटलं की पहिली कुऱ्हाड चहावर पडते. ऑफिसखालच्या टपरीवरचा चहा १२ रुपये धरला, रोजचे दोन आणि महिन्याचे २५ दिवस मोजले, तर महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,२०० रुपये वाचतात. वाईट नाही. पण पुण्यात ६० लाखांच्या फ्लॅटसाठी स्वतःच्या खिशातून किती काढावे लागतात ते पाहिलं की या चहाची दया येते. काटकसरीतून डाउन पेमेंट उभं राहतं, यात शंका नाही. फक्त ती नेमकी कुठे करायची आणि जमलेलं कुठे ठेवायचं, याबद्दलचे ऐकीव ठोकताळे बरेचदा पोकळ निघतात.

‘वीस टक्के जमले की झालं’

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ९० टक्के, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्के आणि त्यापुढच्या कर्जात ७५ टक्के रक्कम बँकेला देता येते. ही कमाल मर्यादा आहे. तुमचा पगार आणि बँकेच्या मूल्यांककाने ठरवलेली किंमत पाहून आकडा खालीही येतो. आणि खरी मेख पुढे आहे. १० लाखांपर्यंतची घरं सोडली तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी या हिशेबातल्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे तो खर्च सगळा आपला.

६० लाखांच्या फ्लॅटवर २० टक्के म्हणजे १२ लाख. पुण्यात मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी ३० हजार. झाले साडेसोळा लाख. इमारतीचं काम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, आणखी ३ लाख. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही. ४५ लाखांपर्यंतच्या, ठरावीक क्षेत्रफळाच्या परवडणाऱ्या घराला तो १ टक्काच आहे. शिवाय मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरची किंमत यांपैकी जी जास्त तिच्यावर लागतं. त्यामुळे स्वस्तात घर पटकावल्याचा आनंद तिथे थोडा ओसरू शकतो.

यातच एक सवलत आहे, जी घराघरांत चर्चेला येते आणि मागे पडते. महाराष्ट्रात राहतं घर फक्त स्त्रीच्या किंवा फक्त स्त्रियांच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट मिळते. आपल्या उदाहरणात ६० हजार रुपये. रोजचे दोन चहा आठ वर्षं सोडले तरी एवढे वाचत नाहीत! नवऱ्याचं नाव मालक म्हणून जोडलं की सूट गेली. तो सहकर्जदार मात्र राहू शकतो. पण मालक नसेल तर व्याजावरची करवजावट त्याला घेता येत नाही, तेव्हा दोन्ही आकडे शेजारी मांडूनच ठरवावं. ‘लोक काय म्हणतील’ हा आकडा त्यात धरू नये.

आता हे साडेसोळा लाख पाच वर्षांत जमवायचे. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आरडीत ६.७ टक्के दराने महिना १० हजार भरले, तर शेवटी साधारण ७ लाख १३ हजार हातात येतात. त्या हिशेबाने साडेसोळा लाखांसाठी महिन्याला २३ हजारांच्या वर टाकावे लागतील. पण पाच वर्षं घराची किंमत काही आपल्यासाठी थांबत नाही. ती दरसाल ५ टक्क्यांनी वाढली असं धरलं तर ६० लाखांचं घर साडेशहात्तर लाखांवर जातं, खिशातून काढायची रक्कम २१ लाख होते आणि महिन्याचा आकडा साडेएकोणतीस हजारांच्या घरात पोहोचतो. आरडीच्या व्याजावर कर लागतो, तो वेगळाच.

‘थेंबे थेंबे तळे साचे’

साचतं, तळ्याला भोक नसेल तर. आपल्या घरखर्चाची भोकं बहुतेक तीन ठिकाणी असतात: भाडं, वाहन आणि समारंभ.

भाड्याचं पाहा. अकरा महिन्यांचा करार संपला, मालकाने हजार रुपये वाढवून मागितले, आणि आपण तावातावाने दुसरं घर शोधतो. समजा १८ हजारांऐवजी १७ हजारांचं मिळालं. अकरा महिन्यांत वाचले ११ हजार. एजंटने एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून घेतलं, ते १७ हजार. टेम्पो, हमाल, गीझर काढणारा-बसवणारा, नव्या खिडक्यांना न पुरणारे पडदे, पोरांच्या रिक्षाचं बदललेलं भाडं हे सगळं त्याच्यावर. जुन्या मालकाशी बसून वाढ पाचशेवर आणली असती तर ती खरी काटकसर होती. याउलट एकदाच नीट विचार करून, स्टेशनपासून थोडं आत, चार-पाच हजारांनी कमी भाड्याचं घर घेऊन तिथे पाच वर्षं टिकून राहणं, यातून मोठी रक्कम उभी राहते. प्रवास मात्र त्यातून वजा करायला हवा. मुंबईत लोकलचा तीन महिन्यांचा पास मासिक पासाच्या २.७ पटीत मिळतो, तरीही दर महिन्याला खिडकीवर उभी राहणारी माणसं आहेतच.

वाहनाचा फटका दुहेरी. गाडीचा १२ हजारांचा हप्ता चालू असताना गृहकर्जासाठी अर्ज केला, तर बँक तो हप्ता तुमच्या फेडण्याच्या ऐपतीतून वजा करते. साडेआठ टक्के दराने वीस वर्षांच्या कर्जाला लाखामागे साधारण ८६८ रुपये हप्ता पडतो. म्हणजे त्या १२ हजारांमुळे तुमचं मंजूर होणारं कर्ज जवळपास पावणेचौदा लाखांनी घटू शकतं. तेवढी भर मग डाउन पेमेंटमध्ये घालायची, नाहीतर लहान घर घ्यायचं. गाडी घेऊच नये असं नाही. घराच्या आधी घेतली तर ती शोरूममधल्या किमतीपेक्षा बरीच महाग पडते, इतकंच.

समारंभांबद्दल फार लिहीत नाही. ‘घर पाहावं बांधून, लग्न पाहावं करून’ हे म्हणणाऱ्यांनी दोन्ही खर्च एकाच पेटीतून जातात हे ओळखलं होतं. साखरपुडा, हळद, संगीत आणि रिसेप्शन असे चार हॉल घेणाऱ्यांना नंतर भेळ सोडायला सांगण्यात अर्थ नाही.

आणि रोजची काटकसर? ती करावीच. डबा नेला, आठवड्याची भाजी मंडईतून एकदम आणली, एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू भरून त्याला एरंडेल चोळून ठेवलं, तर घरखर्चात फरक पडतो. पण गव्हाच्या कोठीला जागा लागते. वन आरकेमध्ये पलंगाखाली ठेवलेल्या धान्याला जुलैत किडे झाले की घाऊक भावाचा फायदा कोंबड्यांना मिळतो. दुसरं म्हणजे, डब्यामुळे वाचलेले दीड हजार बचत खात्यातच पडून राहिले तर महिनाअखेरीस ते कशात गेले याचा पत्ता लागत नाही. पगार १ तारखेला येत असेल तर २ तारखेला आरडीचा हप्ता आपोआप कापला जावा आणि उरलेल्यात महिना काढावा. महिना काढून उरलेलं टाकू म्हणणाऱ्यांचं सहसा काही उरत नाही.

‘भिशी आणि पतसंस्थेत पैसा वाढतो’

बारा जणींची पाच हजारांची भिशी घेतली, तर दर महिन्याला ६० हजार जमतात. पहिल्या महिन्यात जिची चिठ्ठी निघते तिला बिनव्याजी कर्ज मिळतं. शेवटच्या महिन्यात जिला मिळते तिला तिचेच ६० हजार बिनव्याजी परत मिळतात. शिस्त लागते, मैत्री राहते, पोहे मिळतात. वाढ मात्र होत नाही, आणि मधेच एखादीने हप्ते थांबवले तर दाद मागणं अवघड.

पतसंस्थेत अर्धा-एक टक्का जास्त मिळतो म्हणून घराचे पैसे ठेवणारे पुष्कळ. बँकेतल्या ठेवींना ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांपर्यंतचं संरक्षण असतं: दर ठेवीदाराला, दर बँकेत, व्याजासकट. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त एक हजार रुपये काढता येत होते, आणि त्या वेळी विम्याची मर्यादा एकच लाख होती. साडेसोळा लाख जमवत असाल तर ते चार बँकांत विभागणं हे अर्ध्या टक्क्यापेक्षा मोलाचं आहे.

सोन्याचं थोडक्यात: दागिन्यावर घडणावळ आणि ३ टक्के जीएसटी घेतानाच जातो. घराच्या पैशासाठी तो आडमार्ग आहे.

‘एसआयपी केली की लवकर जमतं’

पंधरा वर्षांसाठी असेल तर चर्चा होऊ शकते. दोन-तीन वर्षांत लागणाऱ्या पैशांसाठी शेअर बाजार ही जोखीम आहे. जानेवारी २०२० मध्ये निफ्टी १२ हजारांच्या वर होता; २३ मार्चला तो ७,६१० वर बंद झाला. पुढे सावरला हे खरं, पण ज्याचा खरेदीखताचा दिवस एप्रिलमध्ये ठरला होता त्याला ते सावरणं काय कामाचं?

‘डाउन पेमेंट नसलं तरी चालतं’

‘आता १० टक्के, बाकी ताब्याच्या वेळी’ अशा जाहिराती अधूनमधून येतात. बिल्डर काही काळ हप्ते भरेल अशा बोलीच्या योजनांत बिल्डरने हात वर केले की कर्ज तुमच्याच नावावर राहतं. अशा तक्रारींनंतर राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने २०१९ मध्ये गृहवित्त कंपन्यांना त्या योजनांपासून दूर राहायला सांगितलं. वैयक्तिक कर्ज काढून डाउन पेमेंट भरण्याची युक्तीही फसवी. ते कर्ज क्रेडिट अहवालात दिसतं आणि त्याचा हप्ता गाडीच्या हप्त्यासारखाच ऐपत खातो.

सरकारी अनुदान आपला हिस्सा भरेल, हीसुद्धा अशीच आशा. प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये वार्षिक ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना, ३५ लाखांपर्यंतच्या घरासाठी काढलेल्या २५ लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज अनुदान आहे. ते जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, पाच वार्षिक हप्त्यांत, थेट कर्जखात्यात जमा होतं. म्हणजे आधी घर घ्यायचं, मग अनुदान. म्हाडाची सोडत लागली तरी घर फुकट मिळत नाही. मुदतीत पैसे भरावेच लागतात. आणि म्हाडा एजंट नेमत नाही, हे त्यांच्या प्रत्येक जाहिरातीत छापलेलं असूनही लोक एजंट शोधतात.

‘पैसे तयार आहेत, भरून टाकू’

इतकी वर्षं पोटाला चिमटा घेऊन जमवलेली रक्कम एका रविवारी साइट ऑफिसात गेल्यावर हातातून सुटायला वेळ लागत नाही. ‘आज २५ टक्के दिलेत तर पार्किंग मोफत’ असं कोणी म्हणालं तर लक्षात ठेवा: रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. ६० लाखांच्या फ्लॅटला ही मर्यादा ६ लाख. तीही चेकने किंवा खात्यातून द्यावी, पावती घ्यावी आणि प्रकल्पाचा महारेरा क्रमांक संकेतस्थळावर तपासल्याशिवाय पेन उघडू नये.