नाव एकाचे, श्रम अनेकांचे

'लिनक्स' ही संगणक-प्रणाली कोणी निर्माण केली, असे विचारताच लिनस टोरवाल्ड्स हे एकच नाव पुढे येते. उत्तर खोटे नव्हे, पण ते अपुरे खचितच आहे.

१९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी कोणासही वापरता, अभ्यासता, बदलता आणि वाटता येईल अशी संपूर्ण प्रणाली उभारण्याचा संकल्प सोडला. तिचे नाव 'ग्नू'. कंपायलर, संपादक आदी साधने त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकामागून एक सिद्ध केली. १९८९ मध्ये त्यांचा सार्वजनिक परवाना आला. सुधारलेली प्रत वाटणाऱ्याने तेच स्वातंत्र्य पुढच्यासही द्यावे, ही त्याची अट. उणीव राहिली ती यंत्राची स्मृती व वेळ यांचे नियमन करणाऱ्या गाभ्याची, म्हणजे 'कर्नल'ची. तो १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांच्या टोरवाल्ड्स यांनी लिहिला आणि १९९२ मध्ये त्यास स्टॉलमन यांचाच परवाना लावला.

प्रणालीस 'ग्नू/लिनक्स' म्हणावे, हा स्टॉलमन यांचा आग्रह अनेकांस अहंकार वाटतो. गाभ्यावाचून ग्नू अपूर्णच होती. शिवाय जगभरच्या हजारो हातांना एका कामात गुंफण्याचे टोरवाल्ड्स यांचे कर्तृत्वही लहान नाही. तथापि हा वाद केवळ मानापमानाचा मानणे चुकीचे ठरेल. नाव पुसले की त्यामागील हेतूही पुसट होतो. प्रणाली फुकट मिळाली, एवढेच ज्यास ठाऊक आहे, त्यास ती बदलण्याचा हक्क उद्या हिरावला गेला तरी उमगणार नाही. म्हणूनच श्रेयाचा हा हिशेब वापरणाऱ्यांनीही चोख ठेवला पाहिजे.