आवणीचे दिवस, बांधाचे महिने

उल्हास नदीच्या खोऱ्यातील बदलापूर पश्चिमेचा मांजर्ली हा भाग आज इमारतींनी व्यापलेला असला, तरी शहराची कड ओलांडून अंबरनाथ तालुक्याच्या गावांकडे वळताच भाताची खाचरे, म्हणजे चहूबाजूंनी मातीचे बांध घालून पाणी अडवलेले शेताचे तुकडे, दिसू लागतात. काम सातत्याने करावे की झपाट्याने उरकावे, हा प्रश्न सहसा माणसाच्या स्वभावाचा मानला जातो. भातशेतीत मात्र तो स्वभावावर सोडलेला नाही, कारण तेथे कोणते काम संथ चालेल आणि कोणते एका दमात संपवावे लागेल, हे पाऊस, चिखल आणि रोपाचे वय ठरवतात.

झपाट्याचे काम म्हणजे आवणी. रोपवाटिकेत, म्हणजे राबावर, पेरलेली रोपे उपटून खाचरात पुन्हा लावण्याला ठाणे जिल्ह्यात आवणी म्हणतात; इतरत्र तीच लावणी. रोप साधारणपणे 21 ते 25 दिवसांचे असताना ते हलवावे लागते, कारण त्याहून जून झालेल्या रोपाला फुटवे कमी येतात. शिवाय चिखलणी केलेली, म्हणजे उभ्या पाण्यात नांगरून मऊ केलेली माती लवकरच बसू लागते, आणि बसलेल्या मातीत बोटे सहज शिरत नाहीत. रोप आणि चिखल दोन्ही एकाच वेळी तयार असण्याचे दिवस थोडे असल्याने पहाटे रोपे उपटणे, मुळांची माती पाण्यात झटकून त्यांच्या मुठी बांधणे, त्या मुठी चिखलात जागोजाग फेकणे आणि रांगेने वाकून मागे सरकत लावत जाणे, ही सारी कामे सलग चालतात. एका घराचे हात त्याला पुरत नाहीत. म्हणून सावड, अर्थात आज एकाच्या शेतात आणि उद्या दुसऱ्याच्या शेतात श्रमाची फेड करण्याची रीत, या कामाला जोडलेली आहे. लवकर पिकणारे हळवे, मधल्या मुदतीचे निमगरवे आणि उशिरा येणारे गरवे भात निरनिराळ्या खाचरांत घेण्यामागे जमिनीच्या चढउताराइतकाच गर्दीचे दिवस थोडे पांगवण्याचाही हिशेब असतो.

या धावपळीचा पाया कोरड्या दिवसांत घातलेला असतो. राब म्हणजे रोपे वाढवण्यासाठी भाजलेली जागा: तिच्यावर शेण, पालापाचोळा, गवत आणि वर बारीक माती असे थर देऊन ते पेटवले जातात, त्यामुळे तणांचे बी जळते आणि राखेचे खत मिळते. शेण साठवणे, फांद्या तोडून वाळवणे आणि पाला वाहून आणणे ही कामे थोडी थोडी करूनच होतात. (या पद्धतीत झाडांवर येणारा ताण खरा आहे आणि त्यामुळेच न भाजता गादीवाफ्यावर रोपे करण्याचा सल्ला दिला जातो, तरी वाफ्यालाही रोजची निगा चुकत नाही.)

आवणी झाली की शेत पाहणाऱ्याला काम संपल्यासारखे वाटते, आणि नेमके येथेच कष्टाचे मोजमाप चुकते. खेकडे आणि उंदीर बांध पोखरतात, बारीकशा भोकातून रात्रभरात खाचर रिते होऊ शकते, आणि मुसळधार पावसात बांधाला खांड पडली, म्हणजे तो फुटून वाट झाली, तर खत आणि रोपे दोन्ही वाहून जातात. पाणी काही सेंटिमीटरच ठेवायचे असते. ते फार चढले तर फुटवे मंदावतात, अगदी उतरले तर तण माजते. म्हणून कुदळ घेऊन बांधावरून रोज फेरी मारावी लागते. 26 जुलै 2005 आणि 27 जुलै 2019 च्या महापुरांपुढे अशी फेरी काहीच करू शकत नाही, हे मान्य करावे लागते. परंतु महापूर क्वचित येतो, खेकडा दरवर्षी.

संथ आणि झपाट्याच्या श्रमांची सांगड घालणारा एक विचारपूर्वक प्रयत्न महाराष्ट्रात चारसूत्री भातलागवडीच्या रूपाने झाला. भाताच्या तुसाची राख किंवा पेंढ्याचा वापर, गिरिपुष्पाचा पाला, नियंत्रित लावणी आणि खताच्या गोळ्या ही ती चार सूत्रे. उभ्या पाण्यात फोकलेल्या युरियातील बरेचसे नत्र वाया जाते, त्यामुळे तो हप्त्याहप्त्याने द्यावा लागतो. या पद्धतीत दोरीच्या साहाय्याने 15 आणि 25 सेंटिमीटरच्या आलटून-पालटून अंतरावर चूड, म्हणजे एकत्र लावलेली दोन-तीन रोपे, लावतात आणि जवळच्या चार चुडांच्या मध्यभागी सुमारे 2.7 ग्रॅमची युरिया-डीएपीची गोळी 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचतात. एका आराला, म्हणजे जवळपास एका गुंठ्याला, अशा 625 गोळ्या लागतात. मुळातच दमवणाऱ्या आवणीच्या दिवसांत हे श्रम वाढतात खरे, पण पुढचे हप्ते वाचतात आणि मातीत दडलेली गोळी सावकाश विरघळत पिकाला पुरवठा करीत राहते.

मात्र बांधाच्या फेरीची गोळी करता येत नाही. सकाळची लोकल गाठून ठाण्या-मुंबईस कामाला जाणाऱ्या घराला आवणीसाठी रजा काढता येते, कापणीसाठी मजूर लावता येतात. ज्याला ना रजा मिळते ना ज्याची मजुरी ठरवता येते, ते काम घरात राहिलेल्या वृद्धांकडे जाते. शेत शहराला हरते तेव्हा ते बहुधा आवणीच्या चिखलात नव्हे, तर अशाच न पाहिलेल्या बांधावर हरू लागते, असे म्हणण्यास जागा आहे. कापणीच्या सुमारे दहा दिवस आधी पाणी सोडून द्यायचे असते. चार महिने जी खांड बुजवली, तीच तेव्हा त्याच कुदळीने मोकळी केली जाते.