लडीला आधी पाणी दाखवा

माझं माहेर पालघरचं, सासर बोईसरचं. भाचीच्या बाळंतविड्यातलं दुपटं मी भरून द्यायचं ठरवलं. पांढऱ्या मलमलीवर तांबडी फुलं. बाजारातून बिनचिठ्ठीची सुटी लडी आणली आणि महिनाभर टाके घातले. पहिल्याच धुण्यात तांबडा रंग दुपटंभर पसरला. तान्हं मूल दुपट्याचं टोक तोंडात घालणारच. मग ते द्यायचं कसं?

आमच्या शेजारचे काका तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापड रंगवण्याच्या खात्यात होते. दुपटं पाहून ते म्हणाले, "सूनबाई, दोरा रंगवलाय, पण नीट धुतला नाही." सुती धाग्याशी घट्ट जोडले जाणारे रंग 1956 साली बाजारात आले. पण त्यातला सगळाच रंग धाग्याला धरत नाही. उरलेला रंग साबणाच्या कढत पाण्यात काढून टाकावा लागतो. तिथे घाई झाली, की तो आपल्या घरी सुटतो.

तेव्हापासून माझा नेम ठरला. नव्या लडीचा वीतभर दोरा कोमट साबणपाण्यात भिजवायचा, पांढऱ्या चिंधीत दाबून अर्धा तास ठेवायचा. चिंधी पांढरी राहिली तरच सुईत ओवायचा. तांबडा, काळा, गडद निळा यांची परीक्षा चुकवू नये. तरीही रंग सुटलाच, तर कापड वाळू देऊ नये, इस्त्री तर मुळीच फिरवू नये. लगेच भरपूर पाण्यात खळबळून काढावं.

या दोऱ्याला आपण सर्रास 'रेशीम' म्हणतो, पण तो असतो सुती. कॉस्टिक सोड्याने सूत बदलतं, हे जॉन मर्सर यांना 1844 मध्ये आढळलं. पुढे 1890 च्या सुमारास होरेस लो यांनी सूत ताणून धरून ही प्रक्रिया केली आणि त्याला रेशमासारखी चकाकी आली.

लडी साधारण 8 मीटरची आणि सहा पदरी असते. हातभर, म्हणजे सुमारे 45 सेंटीमीटर तुकडा कापावा. जास्त लांब दोरा कापडातून पुन्हा पुन्हा जाऊन पिंजतो. पदर एकेक करून सरळ वर ओढावेत आणि मग हवे तितके एकत्र करावेत. टाका सपाट बसतो. मलमलीवर बारीक देठाला एक पदर, फुलांना दोन पुरेत. जाड खादीवर तीन-चार, ठसठशीत साखळी टाक्याला सहाही चालतात. दोन पदरांनी भरलं, तर एका लडीतून 24 मीटर दोरा मिळतो. त्या हिशेबाने सगळ्या लड्या एकदमच घ्याव्यात आणि रंगाच्या क्रमांकाची चिठ्ठी जपून ठेवावी. क्रमांक तोच असला, तरी वेगळ्या खेपेचा रंग किंचित निराळा निघू शकतो.

दुसरं दुपटं मी पारखलेल्या दोऱ्याने भरलं. ते बाळ आता शाळेत जातं. दुपट्याची फुलं अजून तांबडी आहेत आणि मलमल पांढरीच.