संगणक, मराठी अक्षर आणि गावाचे दप्तर

गावाचे दप्तर म्हणजे गावाची स्मृती होय. जमीन कोणाच्या नावावर आहे, तिच्यावर बोजा किती आहे, मूल कोणत्या वर्षी शाळेत दाखल झाले, ग्रामसभेने कोणता ठराव संमत केला, या प्रश्नांची उत्तरे पिढ्यान् पिढ्या तलाठी, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापक यांच्या दप्तरांतूनच मिळत आली. आता या दप्तराचा फार मोठा भाग संगणकात आला आहे. १ मे २०१८ पासून महाराष्ट्रात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा उपलब्ध झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतःच्या भ्रमणध्वनीवरून पीक पेऱ्याची नोंद करण्याची ई-पीक पाहणीची पद्धत राज्यभर अमलात आली. शाळांतील विद्यार्थ्यांची माहिती २०१५ पासून ‘सरल’ प्रणालीत भरली जाऊ लागली.

संगणकाच्या वेगाविषयी आता कोणालाही शंका राहिलेली नाही. परंतु संगणकाची आज्ञावली लिहिणारा तंत्रज्ञ, म्हणजे प्रोग्रामर, याच यंत्राकडे थोड्या वेगळ्या नजरेने पाहतो. यंत्रात काय घातले आणि ते कोणत्या रूपात घातले, यावरच यंत्राची उपयुक्तता अवलंबून असते, हे त्याला रोजच्या कामातून उमगलेले असते. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांच्या दृष्टीने ही गोष्ट विशेष महत्त्वाची आहे.

तीन लिप्यांचा वारसा

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे या भागातील जुन्या नोंदी उर्दूत आणि मोडीत सापडतात, तर अलीकडच्या नोंदी देवनागरीत आहेत. १९५६ मध्ये हा प्रदेश द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. लातूर जिल्हा तर १९८२ मध्ये तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. देगलूर, बिलोली, धर्माबाद या भागाला तेलुगूचा आणि उदगीर, देवणी, निलंगा या भागाला कानडीचा शेजार लाभलेला आहे. साहजिकच एकाच गावाचे वा व्यक्तीचे नाव निरनिराळ्या कागदांवर निरनिराळ्या रीतीने लिहिले गेले.

२०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी मराठवाड्यातील जिल्ह्यांत जुन्या कुणबी नोंदींचा शोध घेण्यात आला. त्या वेळी उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची किती निकड आहे, हे सर्वांना दिसून आले. नोंद दप्तरात असणे ही एक गोष्ट आणि ती गरजेच्या वेळी सापडणे ही दुसरी गोष्ट, हा या अनुभवाचा बोध होय. आज आपण ज्या नोंदी करीत आहोत, त्या पन्नास वर्षांनी सापडतील काय, हा प्रश्नही त्यातूनच उभा राहतो.

प्रत्येक अक्षराला अंक

संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला केवळ अंक कळतात. म्हणून प्रत्येक अक्षरचिन्हाला एक ठराविक अंक देण्यात आला आहे. जगातील लिप्यांसाठी ठरविलेल्या या अंकयोजनेस ‘युनिकोड’ असे म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी भारतीय लिप्यांसाठीचे ‘इस्की’ हे भारतीय मानकही निश्चित झाले. युनिकोडमधील देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या रूपावर आधारलेली आहे.

या योजनेत देवनागरीसाठी २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा राखून ठेवलेल्या आहेत. ‘लातूर’ हा शब्द संगणकाच्या लेखी २३५४, २३६६, २३४०, २३७०, २३५२ अशी पाच अंकांची माळ असते. ‘नांदेड’ हा शब्द २३४४, २३६६, २३०६, २३४२, २३७५, २३३७ असा सहा अंकांचा होतो. काना, अनुस्वार आणि मात्रा यांनाही त्यात स्वतंत्र अंक आहेत. आता कोणी ‘लातुर’ असे ऱ्हस्व लिहिले, तर चौथा अंक २३७० ऐवजी २३६९ होतो. वाचणाऱ्या माणसाला त्यात फारसे वावगे वाटत नाही. संगणकाच्या दृष्टीने मात्र ते दोन वेगळे शब्द ठरतात. मुद्दाम तशी सोय केलेली नसेल, तर एकाचा शोध घेताना दुसरा सापडत नाही.

दिसणे एक, असणे दुसरे

युनिकोडचा वापर रूढ होण्यापूर्वी अनेक कार्यालयांत वेगळ्याच प्रकारचे टंक वापरले जात. त्यांत अंक रोमन अक्षरांचेच असत. केवळ पडद्यावर आणि कागदावर त्यांना देवनागरीचा पेहराव चढविलेला असे. कागद छापून फाइलीत लावावयाचा असेल तोवर त्यात अडचण येत नसे. परंतु तोच मजकूर तो टंक नसलेल्या दुसऱ्या संगणकावर उघडला, की पेहराव गळून पडतो आणि रोमन अक्षरांचा अर्थहीन गुंता उरतो. असा मजकूर आंतरजालावर शोधता येत नाही आणि दुसऱ्या प्रणालीत थेट घेताही येत नाही. ज्या कार्यालयांत अशा जुन्या फाइली अजून शिल्लक असतील, त्यांनी त्या युनिकोडमध्ये रूपांतरित करून घेणे आणि रूपांतरानंतर मूळ कागदाशी ताडून पाहणे अगत्याचे आहे.

युनिकोडमध्येही काही ठिकाणी सावधगिरी बाळगावी लागते. ‘ॲ’ या अक्षराला २४१८ हा स्वतंत्र अंक २००८ मध्ये मिळाला. तत्पूर्वी ‘अ’ आणि त्यावरील चंद्र असे दोन अंक जोडून ते लिहिले जात असे, आणि आजही काही ठिकाणी तसेच लिहिले जाते. दोन्ही रूपे डोळ्यांना एकच दिसतात, पण अंक भिन्न असतात. देवनागरी ४५ आणि रोमन लिपीतील पंचेचाळीस यांचेही तसेच आहे. एका नोंदवहीत गट क्रमांक कधी एका, तर कधी दुसऱ्या अंकांत भरला गेला, तर त्याच गटाच्या नोंदी विखुरल्या जातात.

चित्र आणि मजकूर

कागदाचे यंत्राद्वारे छायाचित्र घेतले, म्हणजे स्कॅनिंग केले, की अभिलेखाचे संगणकीकरण पूर्ण झाले, असा समज पुष्कळदा आढळतो. वास्तविक ही पहिली पायरी होय. पूर, आग, वाळवी यांपासून कागद वाचविण्यासाठी तिचे मोल मोठे आहे. परंतु त्या चित्रात संगणकाला नाव दिसत नाही. केवळ काळेपांढरे ठिपके दिसतात. शोध घेता यावा, यासाठी प्रत्येक चित्रासोबत गाव, वर्ष, नोंदीचा प्रकार आणि व्यक्तीचे नाव यांची सूची मजकुराच्या रूपात तयार करावी लागते. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले असून, मोडी मजकूरही आता मोडीतच संगणकावर उतरविता येतो. तथापि, तो वाचणारा जाणकार मनुष्यच लागतो.

शुद्धलेखनाचे नवे प्रयोजन

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये निश्चित झाले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. गावाच्या नावातील ‘पूर’ दीर्घ लिहावा, असा त्यांतील एक नियम आहे. त्यानुसार लातूर जिल्ह्यातील ‘अहमदपूर’ हे रूप योग्य ठरते. ‘गांव’ऐवजी ‘गाव’ लिहिण्याची रीतही याच नियमांमुळे रूढ झाली. हे नियम केवळ परीक्षेतील गुणांसाठी आहेत, असे मानण्याचे दिवस आता राहिले नाहीत. हजारो हातांनी भरलेल्या नोंदी एकमेकींशी जुळाव्यात, यासाठी त्यांची आवश्यकता आहे.

व्यक्तिनामांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. मराठवाड्यात ज्ञानोबा हे नाव घरोघरी आढळते. कोणी ते ग्यानोबा लिहितो, कोणी ग्यानबा. रोमन लिपीत त्याचा आरंभ कधी ‘डी’ने, तर कधी ‘जी’ने होतो. सातबाऱ्यावर एक रूप, बँकेच्या पासबुकावर दुसरे आणि आधार पत्रावर तिसरे असले, तर यंत्र ती तीन माणसे समजते. पीक कर्ज, विमा किंवा अनुदान मिळताना त्या ज्ञानोबाला आपण तोच असल्याचे सिद्ध करीत हिंडावे लागते. नोंद करणाऱ्याच्या एका मात्रेचा भुर्दंड असा शेतकऱ्याला पडतो.

यंत्राची मर्यादा

डिजिटल स्वाक्षरीविषयीही नेमकी समज असणे इष्ट आहे. स्वाक्षरी करताना दस्तऐवजातील सर्व मजकुरावरून गणिताने एक संक्षिप्त अंक काढला जातो आणि तो स्वाक्षरी करणाऱ्याच्या गुप्त किल्लीने बंदिस्त केला जातो. पुढे त्या मजकुरातील एखादी वेलांटी जरी बदलली, तरी तो अंक जुळत नाही आणि फेरफार उघड होतो. स्वाक्षरीनंतर दस्तऐवज बदललेला नाही, एवढीच हमी यातून मिळते. मुळातली नोंद खरी आहे किंवा नाही, हे सांगण्याचे सामर्थ्य कोणत्याही यंत्रात नाही. चुकीची नोंद संगणक तितक्याच इमानाने जपतो. लेखनप्रमादाची दुरुस्ती महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ अन्वये सक्षम अधिकाऱ्यानेच करावयाची असते.

जाळे सर्वांचे

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये युरोपातील सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने हे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले. भारतात १५ ऑगस्ट १९९५ पासून सर्वसामान्यांना इंटरनेट उपलब्ध होऊ लागले. सर्वांनी एकच खुले मानक पाळले, हे वेबच्या यशाचे एक मोठे कारण आहे. किनवटच्या शाळेत लिहिलेले मराठी पान औशात, मुंबईत किंवा परदेशातही जसेच्या तसे वाचता येते, ते यामुळेच.

मराठी भाषेचे वेबवरील स्थान केवळ अभिमानाने वाढणार नाही. मराठीत नीट लिहिलेला, शोधता येणारा मजकूर वाढला, तरच ते वाढेल. शिक्षकांना आपल्या गावाचा इतिहास, पिके, जलस्रोत आणि बोलीतील शब्द विद्यार्थ्यांकडून युनिकोडमध्ये लिहवून घेता येतील. पंचायत सदस्यांनी ठराव आणि याद्या शोधता येतील अशा स्वरूपात ठेवण्याचा आग्रह धरावा, आणि मासिक सभेत दर वेळी निदान काही नोंदी मूळ कागदाशी पडताळून पाहाव्यात. कार्यालयप्रमुखांनी नावे, अंक आणि दिनांक लिहिण्याची एकच रीत ठरवून ती टेबलावर लावून ठेवावी. नोंद कायम करण्यापूर्वी ती संबंधित व्यक्तीला वाचून दाखविण्याचा जुना रिवाजही पाळला जावा. या कामांना वेगळा निधी लागत नाही. लक्ष मात्र लागते. आज काळजीपूर्वक भरलेली नोंद उद्या नांदेड-लातूरच्या एखाद्या कुटुंबाला तालुक्याच्या ठिकाणचे अनेक हेलपाटे वाचवील.