लेसर मशीन घेताय? आधी हे बघा

मैत्रिणींनो, नावाच्या पाट्या, की-चेन करायला गटातून कर्ज काढून लेसर मशीन घेणार असाल, तर आधी काय कापायचं ते ठरवा. लाकूड, पातळ प्लाय, चामडं यांना डायोड लेसर पुरतो. पण त्याचा निळा किरण पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून आरपार जातो, कापत नाही. त्याला महागडा सीओटू लेसर लागतो.

मशीन वीज किती खाते ते नको, किरणाची ताकद किती वॅट ते विचारा. रेक्झिन, पीव्हीसी कधीच कापू नका, विषारी वायू निघतो. त्याच लेसरसाठीचा चष्मा आणि धूर बाहेर टाकणारा पंखा यांचा खर्चही कर्जात धरा. चालू मशीन सोडून उठू नका, आग लागू शकते. आणि आपल्या मालाचा तुकडा समोर कापून दाखवला, तरच पैसे द्या.