घरातील विजेचा जमाखर्च

दुकानात पै-पैचा हिशेब ठेवणारे आपण व्यापारी घरी विजेचे बिल आले म्हणजे बहुधा केवळ अखेरची रक्कम पाहतो आणि ती चुकती करतो. रक्कम कोणत्या बाबींची झाली, हे मात्र तपासीत नाही. पेढीवर असा कारभार आपण एक दिवसही चालू दिला नसता. शिवाय इंदूरच्या घरात विजेचा एक खर्च असा आहे की, जो आपल्या बिलात दिसतच नाही. तो म्हणजे पाणी.

एके काळी यशवंतसागर आणि बिलावली यांसारख्या तलावांवर इंदूरची तहान भागत असे. शहर वाढले, पाणी पुरेनासे झाले. १९७० साली नागरिकांनी नर्मदेच्या पाण्यासाठी मोठे आंदोलन केले आणि १९७८ मध्ये नर्मदा इंदुरात आली. परंतु नर्मदा वाहते मंडलेश्वरजवळ खाली दरीत, आणि इंदूर वसले आहे माळव्याच्या पठारावर. जलूद येथे उचललेले पाणी सुमारे सत्तर किलोमीटर आणावे लागते व वाटेत सुमारे ४०० मीटर वर चढवावे लागते.

आता गणित पाहावे. एक हजार लिटर पाणी ४०० मीटर चढविण्यास किमान १.१ युनिट वीज लागते. पंपातील व नळातील घट धरता हा आकडा दीड युनिटाच्या घरात जातो. पाच माणसांच्या कुटुंबाने दरडोई रोज चाळीस लिटर पाणी वाचविले, तर महिन्याला सहा हजार लिटर, म्हणजे सुमारे नऊ युनिट वीज वाचेल. साठ वॅटचा जुना दिवा रोज पाच तास लावला, तर तो महिन्यात तेवढीच वीज खातो! हा खर्च महापालिकेच्या तिजोरीतून, म्हणजे अखेर आपल्याच करांतून होतो. म्हणूनच जलूद येथे ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प उभारण्यासाठी महापालिकेने २०२३ च्या फेब्रुवारीत २४४ कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे काढले.

तेव्हा काटकसरीचा आरंभ नळापासून करावा. गळणाऱ्या तोटीचा वायसर त्वरित बदलावा. गच्चीवरील टाकी भरून वाहत असेल, तर जलूदची आणि आपल्या मोटारीची, अशी दुहेरी वीज वाया जाते. टाकीत फ्लोट व मोटारीस आपोआप बंद करणारी कळ बसविल्यास ही हानी टळते.

त्यानंतर दिवे व पंखे. साठ वॅटच्या जुन्या दिव्याइतका उजेड नऊ वॅटचा एलईडी देतो. नेहमीचा ७५ वॅटचा पंखा रोज बारा तास फिरला, तर महिन्यास २७ युनिट खातो; नव्या बीएलडीसी जातीचा ३० वॅटचा पंखा ११ युनिटांच्या आत भागवितो. ज्या खोलीत पंखा अधिक तास चालतो, तेथील पंखा प्रथम बदलावा. वातानुकूलन यंत्र २४ अंशांवर ठेवावे. ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या मते एकेक अंश वाढविल्याने सुमारे सहा टक्के वीज वाचते. त्याची जाळी वेळोवेळी धुवावी व दारे-खिडक्या मिटून घ्याव्यात. फ्रीज भिंतीस चिकटवून ठेवू नये, आणि त्यात गरम पातेले ठेवू नये.

स्वयंपाकघरात गृहिणींचा अनुभव आपल्याहून अधिक आहे. तरीही एक सुचवावेसे वाटते. आपल्यापैकी अनेक घरांत पाणी उकळून पिण्याची रीत आहे. ते लागेल तेवढेच आणि झाकण ठेवून उकळावे, म्हणजे उष्णता वाफेबरोबर निघून जाणार नाही.

वीज वाचविणे म्हणजे अंधारात बसणे नव्हे. जेथे तिचा उपयोग नाही तेथे ती जाऊ न देणे, एवढाच याचा अर्थ. दिवाळीला आपण नवी वही पूजतो. यंदा घरासाठीही एक लहानशी वही घालावी, तीत दर महिन्याच्या एक तारखेस मीटरवरील आकडा टिपावा, आणि ते काम घरातील मुलांकडे सोपवावे. ज्याची नोंद होते त्याची उधळपट्टी सहसा होत नाही, हा आपल्या धंद्याचा अनुभव घरातही खरा ठरेल.