गोंदियात बसून लांब चालीची तयारी
नवख्याला लांब पदभ्रमणासाठी तयार करताना आधी बूट-सॅक नव्हे, पाय घडवावेत. ‘गोंदियात डोंगर कुठे?’ हा आक्षेप अर्धाच खरा. सालेकसा तालुक्यात दरेकसाजवळ कचारगडची चढण आहे. माघ पौर्णिमेच्या यात्रेत अनेक राज्यांतले गोंड भाविक ती चढतात. शिवाय रोज अंतर कापायचं तर पायाला फोड सपाटीवरही येतातच, आणि पाय घडवण्याच्या सरावाला धानपट्ट्यातले रस्ते उत्तम. दर आठवड्याला अंतर थोडंच वाढवावं, पाठीवरचं ओझं त्यानंतर. कारण दम लवकर वाढतो, सांधे आणि स्नायुबंध मात्र सावकाश तयार होतात. (नागझिऱ्याच्या जंगलाचा मोह नको, २०१३पासून ते व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे मनाप्रमाणे पायी भटकता येत नाही.) एप्रिल-मेत चालणं पहाटेच उरकावं. उन्हाची सवय हवी म्हणून नवख्याला भर दुपारी चालवणारे मार्गदर्शक मला तरी बेजबाबदार वाटतात.